प्रतींचा मेळ : नेवाशाच्या पोथीपासून मुक्त सॉफ्टवेअरपर्यंत

एकच मजकूर दोन ठिकाणी ठेवला की दोन कामे उभी राहतात. पहिले काम म्हणजे तो मजकूर एका जागेहून दुसऱ्या जागी नेणे. दुसरे काम अधिक अवघड असते. एका प्रतीत बदल झाला की तो दुसऱ्या प्रतीत उतरवावा लागतो, आणि दोन्ही प्रती वेगवेगळ्या बदलल्या असतील तर त्यांचा मेळ घालावा लागतो. संगणकाच्या व्यवहारात या दुसऱ्या कामाला सिंक म्हणतात. फोनमधील नंबर, कुटुंबाचे फोटो, दाखल्यांच्या प्रती आणि महत्त्वाच्या तारखा ही आज घरोघरची खासगी माहिती आहे. ती एका उपकरणातून दुसऱ्यात नेणाऱ्या मुक्त सॉफ्टवेअरचा इतिहास सुमारे तीस वर्षांचा आहे, पण त्यामागचा प्रश्न त्याहून कितीतरी जुना आहे. अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यात त्या जुन्या प्रश्नाचे दोन ठळक दाखले सापडतात. एक नेवाशाच्या ज्ञानेश्वरीचा आहे आणि दुसरा गावोगावच्या महसुली दप्तराचा.

पोथीचा पाठ

शके १२१२ मध्ये, म्हणजे इ.स. १२९० मध्ये, प्रवरेकाठच्या नेवासे येथे ज्ञानेश्वरांनी गीतेवरची टीका सांगितली आणि सच्चिदानंदबाबांनी ती लिहून घेतली, अशी परंपरा आहे. छपाई येईपर्यंत हा ग्रंथ हाताने उतरवलेल्या पोथ्यांमधूनच पसरला. उतरवताना शब्द गळत, जुने झालेले शब्द बदलले जात आणि कोणी आपल्या पदरच्या ओव्याही घालत. एका पोथीतला बदल तिच्यावरून केलेल्या पुढच्या प्रत्येक प्रतीत जाई, आणि दूरच्या गावातल्या पोथीला मात्र त्याचा पत्ता नसे. अशा रीतीने एका ग्रंथाचे अनेक पाठ तयार झाले.

शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, पैठणच्या एकनाथांनी निरनिराळ्या प्रती ताडून पाहून ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली. पुढे कोणी तिच्यात पदरची भर घालू नये, अशी ताकीदही त्यांनी शेवटी लिहून ठेवली. या कामाने पाठ स्थिर झाला, तरी चर्चा थांबली नाही. १९०९ मध्ये इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी आपल्याकडची एक जुनी प्रत एकनाथपूर्व म्हणून छापली आणि कोणता पाठ मूळचा, हा वाद नव्याने सुरू झाला. जुन्या प्रती शिल्लक होत्या, म्हणूनच हा वाद पुराव्यावर होऊ शकला. पाठ जुळवणाऱ्याला निवड करावीच लागते. ती निवड पुढे तपासता यावी, यासाठी जुनी प्रत फेकून द्यायची नसते.

दप्तर आणि फेरफार

महसुली दप्तरात हाच प्रश्न वेगळ्या रीतीने सोडवला गेला. गावच्या जमिनीचे कागद पूर्वी वतनदार कुलकर्ण्याकडे असत. १९०३ च्या कायद्याने मुंबई इलाख्यात हक्कनोंदणीची पद्धत आली. १९५१ मध्ये कुलकर्णी वतने संपली आणि पगारी तलाठी हाच दप्तराचा धनी झाला. या दप्तरात सातबारा आजची स्थिती दाखवतो आणि गाव नमुना सहा, म्हणजे फेरफार नोंदवही, ती स्थिती कशी आली हे सांगतो.

खरेदी, वारस किंवा वाटणीमुळे हक्क बदलला की तलाठी आधी फेरफार नोंदवतो आणि संबंधितांना नोटीस देतो. हरकत आली नाही तर मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतो आणि त्यानंतरच सातबाऱ्यावर नाव बदलते. हरकत आली तर प्रकरण तक्रार नोंदवहीत जाते आणि सुनावणी होऊन निर्णय होतो. बदल आधी क्रमाने नोंदवायचा, मग मुख्य प्रत बदलायची आणि वाद निर्माण झाला तर तो माणसासमोर न्यायचा, अशी ही शिस्त आहे. पुढे संगणकातील सिंकच्या अनेक साधनांत अशाच पायऱ्या दिसतात.

डायरी, सिमकार्ड आणि मेमरी कार्ड

खासगी माहितीची साठवण घरात फार काळ कागदावरच होती. १९८४ मध्ये स्थापन झालेल्या सी-डॉटने ग्रामीण भागासाठी छोटी स्वयंचलित टेलिफोन केंद्रे तयार केली. एसटीडी बूथ गावोगाव आले आणि नंबरांची डायरी घरातली गरजेची वस्तू झाली. नगरचा कोड ०२४१, श्रीरामपूरचा ०२४२२, संगमनेरचा ०२४२५ असे आकडे लोकांना पाठ होते. नव्या शतकाच्या सुरुवातीला लँडलाइनच्या क्रमांकांपुढे २ हा आकडा लागला, तेव्हा प्रत्येक डायरी हाताने दुरुस्त करावी लागली.

देशात मोबाइल सेवा ३१ जुलै १९९५ रोजी सुरू झाली आणि ऑक्टोबर २००२ मध्ये बीएसएनएल या सेवेत उतरली. त्यानंतर तालुक्याच्या गावांतून मोबाइल खेड्यांकडे सरकला. या काळात माहितीचे वाहन होते सिमकार्ड. त्यात बहुधा २५० पर्यंत नोंदी मावत आणि एका नोंदीत एक नाव व एक नंबर एवढेच बसे. नावाची लांबीही मर्यादित असे. रोमन लिपीत जेवढी अक्षरे मावत त्याच्या निम्मीच देवनागरीत मावत, कारण देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला दोन बाइट लागत. सिम काढून नव्या फोनमध्ये घातले की नंबर सोबत येत, पण फोनच्या स्वतःच्या मेमरीत साठवलेले नंबर जुन्या फोनमध्येच राहत.

पाथर्डी, शेवगाव, जामखेड या कोरडवाहू तालुक्यांतून दरवर्षी हंगामात ऊसतोडणीला बाहेर पडणाऱ्या कुटुंबांसाठी फोनमधले नंबर म्हणजे गावाशी आणि मुकादमाशी असलेला दुवा. फोन हरवला किंवा भिजला तर तो दुवा तुटे, कारण दुसरी प्रत कुठेच नसे. नंतर मेमरी कार्ड आले. मोबाइलच्या दुकानात पैसे देऊन गाणी आणि सिनेमे कार्डात भरून घेण्याचा व्यवसाय महाराष्ट्रभर चालला. कार्डाने हस्तांतर सोपे केले, पण मेळ घालण्याचे काम तसेच राहिले. कार्डातून संगणकात उतरवलेले फोटो आणि कार्डात नंतर भर पडलेले फोटो यांचा हिशेब ज्याचा त्यानेच ठेवायचा.

मुक्त साधनांची सुरुवात

सप्टेंबर १९८३ मध्ये रिचर्ड स्टॉलमन यांनी ग्नू प्रकल्पाची घोषणा केली आणि १९८९ मध्ये ग्नू जनरल पब्लिक लायसन्स हा परवाना आला. सॉफ्टवेअर कोणत्याही कामासाठी चालवणे, त्याचा सोर्स कोड तपासणे, ते इतरांना देणे आणि बदलून देणे, या चार मोकळिकी म्हणजे मुक्त सॉफ्टवेअर. २००१ मध्ये स्टॉलमन यांच्या उपस्थितीत तिरुवनंतपुरम येथे फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशन ऑफ इंडियाची सुरुवात झाली. खासगी माहितीच्या बाबतीत या मोकळिकींना विशेष वजन आहे. फोनमधले सगळे नंबर वाचणारा प्रोग्राम ते कुठे पाठवतो, हे त्याचा कोड उघडा असेल तरच कोणालाही तपासता येते.

जून १९९६ मध्ये अँड्र्यू ट्रिजेल आणि पॉल मॅकेरस यांनी आरसिंक प्रसिद्ध केले. दूरच्या दोन संगणकांवर एकाच फाइलच्या थोड्या वेगळ्या प्रती असताना पूर्ण फाइल न पाठवता फक्त फरक कसा पाठवायचा, हा त्यांचा प्रश्न होता. ज्या संगणकाकडे जुनी प्रत आहे तो तिचे सारख्या आकाराचे तुकडे पाडतो आणि प्रत्येक तुकड्याचे दोन संक्षिप्त आकडे दुसरीकडे पाठवतो. त्यांतला एक आकडा झटपट काढता येतो, दुसरा अधिक खात्रीचा असतो. नवी प्रत असलेला संगणक आपल्या फाइलवरून एकेक बाइट पुढे सरकत हे आकडे जुळतात का पाहतो. जुळलेले तुकडे पुन्हा पाठवण्याची गरज नसते, म्हणून तारेवरून फक्त नवा मजकूर जातो. ट्रिजेल यांच्या १९९९ च्या पीएचडी प्रबंधात ही पद्धत सविस्तर मांडलेली आहे. टेलिफोनच्या तारेवरून इंटरनेट वापरण्याच्या त्या काळात ही बचत मोठी होती, आणि आजही सर्व्हरच्या प्रती ठेवण्यासाठी आरसिंक सर्रास वापरले जाते.

आरसिंक एका दिशेने काम करते. दोन्ही बाजूंना बदल झाले तर काय करायचे, याचे उत्तर पेन्सिल्व्हेनिया विद्यापीठात बेंजामिन पिअर्स आणि सहकाऱ्यांनी केलेल्या युनिसनने दिले. युनिसन मागच्या वेळी दोन्ही बाजू कशा होत्या, याची नोंद ठेवते. त्या नोंदीशी तुलना केली की कोणती बाजू बदलली ते कळते. एकच बाजू बदलली असेल तर बदल दुसरीकडे जातो. दोन्ही बदलल्या असतील तर युनिसन वापरणाऱ्यालाच विचारते.

फोनच्या बाबतीत पहिला अडथळा वेगळा होता. फोन संगणकाशी कोणत्या भाषेत बोलतो, हे कंपन्या उघड करत नसत. १९९० च्या दशकाच्या अखेरीस काही स्वयंसेवकांनी नोकियाच्या फोनशी तारेने होणारा संवाद निरखून ग्नोकी हे साधन तयार केले. त्यातूनच पुढे गम्मू निघाले आणि त्याने इतर कंपन्यांच्या फोनांनाही सामावून घेतले. ज्यांच्या फोनसोबत कंपनीचे सॉफ्टवेअर आलेच नव्हते किंवा ज्यांचा संगणक लिनक्सवर चालत होता, त्यांना आपले नंबर आणि संदेश बाहेर काढण्याचा हा मार्ग मिळाला. २००१ मध्ये ब्लूटूथ चालवणारे ब्लूझी लिनक्समध्ये दाखल झाले आणि बिनतारी जोडणीचेही दार उघडले.

सामाईक नमुने आणि देवनागरी

साधने कितीही चांगली असली तरी दोन्ही टोकांना एकच नमुना समजला पाहिजे. १९९६ मध्ये व्हीकार्डची २.१ ही आवृत्ती ठरली. तीत नाव, नंबर, पत्ता, जन्मदिनांक यांना ठरलेल्या खुणा होत्या. १९९८ मध्ये व्हीकार्ड आणि कॅलेंडरसाठीचा आयकॅलेंडर हे दोन्ही इंटरनेटचे खुले मानक झाले. आजही बहुतेक फोनांमधून नंबर बाहेर काढले तर हाती येते ती व्हीकार्डचीच फाइल.

मराठी नावांची मात्र या नमुन्यात कसोटी लागली. युनिकोडच्या १९९१ च्या पहिल्याच आवृत्तीत देवनागरी होती आणि तिची मांडणी इस्की या भारतीय मानकावर आधारलेली होती. पण त्या काळचे बहुतेक मराठी टंकलेखन खासगी फाँटांत होई. त्या फाँटांत प्रत्यक्षात रोमन अक्षरांच्या जागी मराठी आकृत्या बसवलेल्या असत. अशी फाइल दुसऱ्या संगणकावर नेली आणि तिथे तो फाँट नसला की मजकुराच्या जागी निरर्थक अक्षरे दिसत. मजकूर पोहोचला तरी माहिती पोहोचली नाही, असे होई. पुढे युनिकोड रुळला. रेड हॅटने २००४ मध्ये मुक्त परवान्याखाली दिलेल्या लोहित फाँटांमुळे लिनक्सवरही देवनागरी नीट दिसू लागली.

युनिकोडनंतरही व्हीकार्ड २.१ ची एक अडचण उरली. या जुन्या आवृत्तीत रोमनेतर अक्षरे सांकेतिक रूपात लिहिली जात. सिमकार्डावर दोन बाइटांत बसणारे देवनागरीचे चिन्ह इथे तीन बाइटांचे होई, आणि प्रत्येक बाइट लिहायला तीन अक्षरे लागत. ‘अहिल्या’ या नावात काना, वेलांटी आणि हलन्त धरून सात चिन्हे आहेत, म्हणून फाइलमध्ये ते एकवीस बाइटांचे आणि त्रेसष्ट अक्षरांचे होई. घेणाऱ्या फोनला हा संकेत उलगडता आला नाही तर नावाच्या जागी ‘=’ या खुणांची लांबलचक माळ दिसे. अनेकांनी मराठी नावे रोमन लिपीत साठवण्याची सवय लावून घेतली, त्याला असा तांत्रिक पायाही होता.

फेब्रुवारी २००० मध्ये एरिक्सन, आयबीएम, मोटोरोला, नोकिया, पाम आदी कंपन्यांनी सिंकएमएल हे सिंकचे सामाईक मानक घडवण्याचा उपक्रम जाहीर केला. या मानकात दोन्ही उपकरणे मागच्या भेटीची एक खूण लक्षात ठेवतात. खुणा जुळल्या तर फक्त नंतरचे बदल एकमेकांना दिले जातात. जुळल्या नाहीत तर सगळ्या नोंदी एकेक करून पुन्हा ताडून पाहाव्या लागतात. अशा फेरीत एकाच माणसाची दोन-तीन नावे तयार होण्याचा अनुभव अनेकांनी घेतला. फुनाम्बोल, सिंकइव्होल्यूशन आणि ओपनसिंक या मुक्त प्रकल्पांनी या मानकावर काम केले. पुढे हे मानक मागे पडले आणि वेबच्या मार्गाने जाणारी दोन सोपी मानके रुजली. कॅलेंडरसाठीचे कॅलडॅव २००७ मध्ये आले आणि नंबरांसाठीचे कार्डडॅव २०११ मध्ये.

स्मार्टफोन, क्लाऊड आणि बंदी

२००८ मध्ये अँड्रॉइडचा पहिला फोन बाजारात आला. अँड्रॉइडचा गाभा मुक्त आहे, पण नंबर आणि फोटो सिंक करणारी गूगलची सेवा मुक्त नाही. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ सुरू झाले आणि इंटरनेट स्वस्त झाले. त्यानंतर खेड्यांतही नंबर आपोआप कंपनीच्या सर्व्हरवर जाऊ लागले. सोय मोठी झाली. नवा फोन घेऊन खात्याचा पासवर्ड टाकला की सगळी नावे परत येतात. पण ही प्रत कुठे आहे आणि ती कोण वाचू शकतो, हे ठरवणे वापरणाऱ्याच्या हाती राहिले नाही.

इंटरनेटविना फोनवरून फोनवर फाइल पाठवण्यासाठी शेअरइट आणि झेंडर ही ॲप लोकप्रिय होती. एक फोन वाय-फायचा हॉटस्पॉट बनवतो, दुसरा त्याला जोडला जातो आणि मोठा व्हिडिओही काही मिनिटांत पोहोचतो. २९ जून २०२० रोजी केंद्र सरकारने चीनशी संबंधित ५९ ॲपवर बंदी घातली, त्यांत ही दोन्ही होती. पाठवलेल्या फाइली लोकांकडे राहिल्या, पण रोजचे साधन गेले. त्याचा सोर्स कोड बंद असल्याने ते दुसऱ्या कोणाला चालवता येण्याजोगेही नव्हते.

सिंकथिंग आणि इतर साधने

क्लाऊडची सोय हवी पण ताबा सोडायचा नाही, या गरजेतून मुक्त साधनांची नवी पिढी आली. जानेवारी २०१० मध्ये फ्रँक कार्लिचेक यांनी ओनक्लाऊड जाहीर केले. २०१६ मध्ये त्यांनी आणि सहकाऱ्यांनी त्याच कोडवरून नेक्स्टक्लाऊड सुरू केले. यात सर्व्हर स्वतःचा असतो. घरातल्या किंवा संस्थेतल्या एका संगणकावर तो बसवला की फाइली, कॅलेंडर आणि नंबर सगळ्या उपकरणांत सारखे राहतात. अँड्रॉइडवर डॅवएक्स-फाइव्ह हे मुक्त ॲप कार्डडॅव आणि कॅलडॅवमार्फत असा सर्व्हर फोनच्या नेहमीच्या नंबरवहीशी जोडते.

डिसेंबर २०१३ मध्ये स्वीडनच्या याकोब बोर्ग यांनी सिंकथिंग प्रसिद्ध केले. त्याला मधला सर्व्हर लागत नाही. प्रत्येक उपकरण स्वतःचे डिजिटल प्रमाणपत्र तयार करते आणि त्याच्यावरून त्याची ओळख ठरते. दोन्ही उपकरणांवर मालकाने संमती दिल्याशिवाय ती एकमेकांना जोडली जात नाहीत, आणि जोडल्यावर सगळा संवाद कूटबद्ध होतो. फाइलचे तुकडे पाडून फक्त बदललेले तुकडे पाठवले जातात. दोन्हीकडे एकच फाइल बदलली गेली तर सिंकथिंग एक प्रत मूळ नावाने ठेवते आणि दुसरी ‘संघर्ष’ अशी खूण असलेल्या नावाने शेजारी ठेवते. कोणती खरी, हे मालक ठरवतो. हवे असल्यास दुसरीकडून बदललेल्या किंवा पुसलेल्या फाइलींच्या जुन्या आवृत्त्याही राखून ठेवता येतात.

त्याच वर्षी आल्बर्ट वाका यांनी केडीई कनेक्ट सुरू केले. ते फोन आणि संगणक घरच्या वाय-फायवर जोडते, फाइली पाठवते आणि फोनवरच्या सूचना संगणकावर दाखवते. २०२२ च्या अखेरीस आलेले लोकलसेंड शेअरइटसारखेच काम करते, पण मुक्त परवान्याखाली. अँड्रॉइड, आयफोन, विंडोज, मॅक आणि लिनक्स या सगळ्यांवर ते चालते. सिंकथिंग, केडीई कनेक्ट आणि लोकलसेंड या तिन्हींना जवळच्या जवळ काम करताना इंटरनेट लागत नाही, एका फोनचा हॉटस्पॉट पुरतो. अकोले तालुक्यातील भंडारदरा-रतनवाडीच्या डोंगराळ पट्ट्यासारख्या, नेटवर्कचा भरवसा नसलेल्या भागांसाठी हा गुण मोलाचा आहे.

मर्यादा

या साधनांच्या मर्यादा त्यांच्या रचनेतूनच येतात. सिंकथिंगमध्ये दोन्ही उपकरणे एकाच वेळी चालू नसतील तर बदल पोहोचत नाहीत. सिंक म्हणजे राखीव प्रत नव्हे. एका फोनवर चुकून फोटो पुसला की तो दुसरीकडेही पुसला जातो, म्हणून जुन्या आवृत्त्या राखण्याची सोय सुरू करणे किंवा वेगळी प्रत काढून ठेवणे आवश्यक ठरते. स्वतःचा सर्व्हर चालवायचा तर वीज, देखभाल आणि थोडे तांत्रिक ज्ञान लागते.

देखभाल करणारी माणसे थकली तर साधनही थांबू शकते. सिंकथिंगच्या अधिकृत अँड्रॉइड ॲपची शेवटची आवृत्ती डिसेंबर २०२४ मध्ये आली. गूगल प्लेवर ॲप प्रसिद्ध करण्यातल्या अडचणी आणि देखभालीसाठी हात कमी पडणे, ही त्याची कारणे होती. पण कोड खुला असल्याने इतरांनी चालवलेली त्याची दुसरी शाखा उपलब्ध होती आणि वापरणाऱ्यांना तिच्याकडे वळता आले. बंदीनंतरच्या शेअरइटच्या वापरकर्त्यांना ही वाट नव्हती.

कायद्याची बाजू

पारनेर तालुक्यातील राळेगणसिद्धीतून अण्णा हजारे यांनी चालवलेल्या आंदोलनाने महाराष्ट्रात माहिती अधिकाराच्या कायद्याला बळ दिले. २००५ च्या केंद्रीय कायद्यात सरकारी माहिती फ्लॉपी, टेप किंवा अन्य इलेक्ट्रॉनिक रूपात मिळवण्याचा हक्क स्पष्ट लिहिलेला आहे. सरकारी दप्तराची डिजिटल प्रत मागण्याचा हा अधिकार होता. स्वतःच्या खासगी माहितीबद्दलचा विचार त्यानंतर पुढे गेला. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने खासगीपणा हा मूलभूत अधिकार असल्याचा निर्णय दिला.

युरोपात २०१८ पासून लागू झालेल्या नियमांनुसार नागरिकाला आपली माहिती यंत्राला वाचता येईल अशा रूपात मागता येते आणि दुसऱ्या सेवेकडे नेता येते. भारताच्या २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात माहितीचा गोषवारा मिळवण्याचे, ती दुरुस्त करण्याचे आणि पुसून घेण्याचे अधिकार आहेत. एका सेवेतून दुसरीकडे माहिती नेण्याचा अधिकार २०१९ च्या विधेयकात होता, पण अंतिम कायद्यात तो आला नाही. त्यामुळे भारतातल्या नागरिकाला आपली माहिती हलवण्याची क्षमता कायद्यापेक्षा साधनांतूनच मिळते. व्हीकार्डसारखे खुले नमुने, कोणालाही तपासता येणारा कोड, जुन्या आवृत्त्या राखण्याची सोय आणि वाद आला तर मालकाला विचारण्याची शिस्त, या चार गोष्टी ज्या साधनात आहेत त्यात माहितीवरचा शेवटचा शब्द तिच्या मालकाचा राहतो.